वेदिकाचा मायनर आणि माझं गाऱ्हाणं

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा माणूस रत्नागिरीत अजून जन्माला यायचाय. हे मी स्वतः सांगत नाही, लोक सांगतात. मी फक्त त्यांना अडवत नाही. रजेचा अर्ज असो, बदलीचा असो, की नळाला पाणी येत नाही म्हणून द्यायचा असो, आमच्या मांडवीतली अर्धी वस्ती माझ्याकडे येते. मी सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द माझ्या अक्षरात कागदावर उतरले की समोरचा साहेब निम्मा मऊ होतो. त्यामुळे माझ्या एकुलत्या एक मुलीच्या कॉलेजचा फॉर्म कोणी भरायचा, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. तो घरातल्या बाकीच्यांच्या मनात आला होता, हे मला पुढे कळलं.

वेदिका कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एका संध्याकाळी चहा घेताना ती म्हणाली, "बाबा, आम्हाला आता मायनर निवडायचाय."

"कोण मायनर?"

"कोण नाही, काय. कॉम्प्युटर हा आमचा मेजर. त्याच्या जोडीला दुसऱ्या कुठल्या तरी शाखेचा एक विषय घ्यायचा, तो मायनर. शेवटपर्यंत तोच ठेवायचा."

"म्हणजे आमटी-भात आणि वर तोंडी लावणं."

"साधारण तसंच," ती हसली. "यादी आलीय पोर्टलवर. मी बघतेय."

"तू कशाला बघतेस? तू अभ्यास कर. फॉर्म मी बघतो."

"अहो बाबा, पण मी ठरवलंय की..."

"ठरवणं आणि भरणं यात फरक असतो बाळा," मी म्हणालो आणि उरलेला चहा प्यायलो. तिनं काय ठरवलंय ते ऐकून घ्यायला तेवढा एक घोट वेळ पुरला असता. पण मी तेव्हा कामाला लागलो होतो.

कामाला लागलो म्हणजे चौकशीला लागलो. मोठा निर्णय घेताना संबंधितांचे अभिप्राय मागवावे लागतात, ही आमची कचेरीतली शिस्त आहे. पहिला अभिप्राय आला वरच्या मजल्यावरच्या दर्शनचा. त्याचा मुलगा पुण्याला मोठ्या कंपनीत आहे, त्यामुळे कॉम्प्युटर या विषयावर बोलायचा हक्क आमच्या बिल्डिंगीत त्याच्याकडे आहे. तो स्वतः पतपेढीची पिग्मी गोळा करतो.

"डोळे झाकून फायनान्स घ्या," तो म्हणाला.

"का?"

"आता 'का' काय विचारता? सगळं तिकडेच चाललंय."

"कुठे?"

"तिकडेच," दर्शन म्हणाला आणि त्यानं पुण्याच्या दिशेला हात केला. निदान त्याला ती पुण्याची दिशा वाटत होती. हात वीजमंडळाच्या डीपीकडे गेला.

समोरच्या विमलाकाकू निवृत्त शिक्षिका. त्यांच्या मते संस्कृत घेतल्याशिवाय कॉम्प्युटर कळणं शक्यच नाही. "पूर्वी सगळं होतंच आपल्याकडे," त्या म्हणाल्या. काय होतं ते मी विचारलं नाही, कारण विचारलं की काकू सांगतात. आमच्या साहेबांनी मॅनेजमेंट सुचवलं. स्वतः साहेबांचं टेबल बघितलं तर हा सल्ला त्यांनी आधी घ्यायला हवा होता. केस कापणाऱ्यानं कात्री थांबवून 'सायबर' म्हटलं आणि पुन्हा कात्री चालू केली. रिक्षास्टँडवरच्या एकानं तर आधी मायनर म्हणजे काय ते मला विचारलं, मी समजावून सांगितलं, आणि मग मी कसा चुकतोय ते त्यानं मला समजावून सांगितलं. रत्नागिरीत माहिती नसली म्हणून कोणाचं मत अडून राहत नाही.

"तिला विचारलंत का, तिला काय हवंय ते?" आमची सौ. श्रद्धा भाकरी थापता थापता म्हणाली.

"तिलाच विचारायचं नसतं," मी म्हटलं. "ज्याचा प्रश्न असतो त्याला त्यातलं कळत नसतं. आमच्याकडे बदल्यासुद्धा अशाच होतात."

"म्हणूनच सगळे रडत असतात," ती म्हणाली. मी याची नोंद घेतली नाही.

सर्व अभिप्रायांचा साकल्यानं विचार करून मी फायनान्स पक्कं केलं. पोर्टल उघडलं. प्रवेशाच्या वेळीही फॉर्म मीच भरलेला, त्यामुळे ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला. शेवटी 'आपण निवडलेला पर्याय नंतर बदलता येणार नाही, खात्री आहे का?' असं त्या पोर्टलनं मला विचारलं. मला! इतक्या वर्षांच्या सेवेत मला खात्री नाही असं एकदाही झालेलं नाही. मी 'होय' दाबलं, हात धुतले आणि दर्शनला खाली बोलावून पेढा दिला.

संध्याकाळी वेदिका आली. मी बातमी दिली. ती पायातली चप्पल काढत होती, ती तशीच एक चप्पल घालून उभी राहिली.

"बाबा, मला मत्स्यविज्ञान घ्यायचं होतं."

"काय घ्यायचं होतं?"

"मत्स्यविज्ञान. फिशरीज. आमच्या यादीत आहे. मी त्या मॅडमना भेटूनही आले होते."

मी हसलो. खोटं कशाला सांगू, मोठ्यानं हसलो. "अगो, मासे खायचे असतात. शिकायचे नसतात!"

इथे थोडं सांगायला हवं. माझे वडील, दादू तांडेल, पूर्णगडचे. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, त्याच्या शब्दाबाहेर कोणी जाळं टाकत नाही. सगळी हयात त्यांनी समुद्रावर काढली. त्या घरातला पंख्याखाली खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला माणूस. माझ्या डब्यात मासे असतात, पण अंगाला मासळीचा वास नसतो, याचा मला कोण अभिमान! आणि माझी मुलगी, जिच्यासाठी मी एसीत बसायची स्वप्नं बघितली, ती कॉम्प्युटर शिकून परत मासळीच्या टोपलीत हात घालणार? तिच्या लग्नाच्या माहितीपत्रात मी काय लिहू? 'वधू संगणक अभियंता, सोबत बांगडे'?

हे सगळं मी तिला ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं.

"बाबा, मला शेअरबाजार माहीत नाही," ती म्हणाली. "सुरमई माहीत आहे. जे मला कळतं त्याला मला कॉम्प्युटर जोडायचा होता. जाऊ दे." आणि दुसरी चप्पल काढून ती आत गेली.

आमची वेदिका भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी पटाईत आहे. ती गप्प होते. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. डोक्याचा तुकडा लहानपणापासून तिचा. लहान असताना त्यासाठी तिनं माझ्याशी मारामाऱ्या केलेल्या आहेत. त्या दिवशी तिनं तो तुकडा हळूच माझ्या ताटात ठेवला, नुसता भात कालवून खाल्ला आणि उठली. श्रद्धानं माझ्याकडे बघितलं. मी त्या बांगड्याकडे बघितलं. बांगडा माझ्याकडे बघत होता.

मग 'हो बाबा', 'नाही बाबा' आणि 'चालेल बाबा' एवढ्यावर आमच्या घरातला कारभार आला. तेव्हा मी फेरविचार करायचं ठरवलं. आपण चुकलो म्हणून नव्हे, हे लक्षात घ्या. प्रशासनात फेरविचाराला नेहमीच वाव असतो, म्हणून.

कॉलेजात खिडकीमागे हर्षद नावाचा तरुण क्लार्क होता. त्याच्या टेबलावर फायली, मागे पंखा, चेहऱ्यावर तो भाव. तो भाव मी ओळखतो, कारण सकाळी आरशात मी तोच लावून निघतो. आज पहिल्यांदा मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला होतो.

"लॉक झालंय काका," हर्षद म्हणाला. "बदलायचं तर अर्ज द्या. सोमवारपर्यंत. 'बदलाचे कारण' लिहायला विसरू नका. त्याशिवाय सर पुढे घेत नाहीत."

"कारण काय लिहायचं असतं?"

"लिहा ना, 'चुकीने भरला गेला'. सगळे तेच लिहितात."

या पोराला काय सांगायचं? कागदावरची चूक ही साधी चूक नसते. बोललेली चूक वाऱ्यावर जाते. लिहिलेली फाइलीत जाते, तिला पंचिंग होतं, तिच्यावर टाचणी बसते, आणि माणूस निवृत्त होऊन गावी गेला तरी ती कपाटात बसून असते. मी माझ्या आयुष्यात लोकांना त्यांच्या चुका लिहायला लावल्या आहेत. स्वतःची कधी लिहिलेली नाही.

म्हणून मी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव'.

हर्षदनं वाचलं. "म्हणजे आमच्या पोर्टलमध्ये दोष आहे म्हणता?"

"तसं नाही."

"मग तसं लिहू नका."

दुसऱ्या दिवशी मी नवा अर्ज नेला, 'अपरिहार्य कारणास्तव'. हा शब्द आमच्याकडे कुठेही चालतो. या शब्दावर रजा मिळवून मंडळी परगावी जाऊन आली आहेत. हर्षद म्हणाला, "काय अपरिहार्य ते स्पष्ट करा. उद्या या."

उद्या या! मला! हे दोन शब्द मी माझ्या तोंडानं किती जणांना म्हटले असतील याचा हिशेब नाही; ऐकायला ते इतके वाईट लागतात हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मग मी डोकं लढवून 'कौटुंबिक कारणास्तव' लिहिलं. या वेळी हर्षदनं हरकत घेतली नाही. उलट मऊ आवाजात "बसा काका, पाणी घेता का?" म्हणाला. मला वाटलं, जिंकलो. घरी आलो तर वेदिकाला कॉलेजच्या समुपदेशक मॅडमनी बोलावून घेतलेलं. "घरी काही ताण आहे का? आईबाबांचं बरं आहे ना? मोकळेपणानं बोल हो," असं त्यांनी तिला तासभर विचारलं. ही बातमी तिच्या मैत्रिणीनं आपल्या आईला सांगितली, त्या आईनं विमलाकाकूंना, आणि दिवेलागणीला विमलाकाकू आमच्या दारात उभ्या.

"श्रद्धा, तू माहेरी निघालीस असं ऐकलं," त्या म्हणाल्या. "जाऊ नकोस गो. असतात पुरुष असे."

त्या बोलत असतानाच पावस गावाहून माझ्या सासूबाईंचा फोन आला. मला एकट्याला घ्यायला सांगितला. त्या काय म्हणाल्या ते मी इथे लिहीत नाही. कौटुंबिक कारणास्तव.

अशा या अवस्थेत दर्शन खाली आला. फायनान्स त्यानंच सुचवलेलं असल्यानं तो जरा पडत्या आवाजात होता.

"माणसानं दिलेलं कारण त्यांना चालत नाही ना?" तो म्हणाला. "मग देवाचं द्या. गावाला जा, कौल लावा. देवानं सांगितलं विषय बदल. 'ग्रामदेवतेच्या कौलानुसार' असं लिहा. कोणाची हिंमत आहे नाही म्हणायची?"

एवढ्या वर्षांत दर्शन पहिल्यांदा कामाचं बोलला, असं मला वाटलं. कौल म्हणजे आमच्या कोकणातलं अपील. गुरव देवाच्या दगडी मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि उजवी पडली की देवाचा होकार. लग्न, घर, विहीर, कोर्टाची केस, सगळं देव बघतो. मायनर विषय त्याच्यापुढे आजवर आला नव्हता, एवढंच. शिवाय जबाबदारी देवावर गेली की फाइलीत माझं नाव स्वच्छ राहणार होतं.

रविवारी पूर्णगडला निघालो. मी एकटाच जाणार होतो, पण श्रद्धा म्हणाली, "देवळात जाताय तर सगळेच जाऊ, आजोबांनाही भेटू." वेदिका 'चालेल' म्हणाली. हातात नारळ घेऊन मी देवळात शिरलो आणि दारातच थबकलो. पालखीच्या तयारीची बैठक बसलेली. अख्खा गाव तिथे! खांबाला टेकून माझे वडील, दादू तांडेल, पान जुळवत बसलेले.

"काय रे विनू, आज कुठं वाट चुकलास?" रामा गुरवानं विचारलं. रामा माझ्याहून वयानं मोठा. मला चड्डी सावरता येत नव्हती तेव्हापासून तो मला ओळखतो आणि ते विसरत नाही.

मी त्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात प्रकरण सांगितलं. देवळात हलक्या आवाजात काही सांगता येतं असं ज्याला वाटतं तो गावचा नव्हे. मी सांगत असताना बैठक गप्प होऊन ऐकत होती.

"प्रश्न कुणाचा?" रामानं विचारलं.

"माझा."

"इषय शिकणार कोण?"

"वेदिका."

"मग प्रश्न तुजा कसा? देवळात ज्याचा प्रश्न त्यानंच हुबं रावायचं. पुढं हो गो बाय. बोल देवाला, काय हवंय तुला."

वेदिका पुढे झाली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. गाभाऱ्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "मला मासळीचा विषय शिकायचाय. कॉम्प्युटर मी शिकतेच आहे. दोन्ही मिळून आपल्या होड्यांना, मासे विकणाऱ्या बायकांना उपयोग होईल असं काही तरी करायचंय."

देवळात एकदम गलका झाला. जो तो सल्ला द्यायला लागला. एक म्हणाला, आधी जाळ्यातल्या जेलीफिशचं बघ. दुसरा म्हणाला, डिझेलचं बघ. मांडवीत आणि पूर्णगडात तेवढा एक गुण सारखाच आहे. मग खांबाकडून आवाज आला, आणि सगळे गप्प झाले.

"होडीवर चढशील काय गो?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"चढीन आजोबा."

"ओकशील."

"ओकले तर ओकले. परत चढीन."

"मग घे तो इषय," ते म्हणाले आणि पान तोंडात टाकलं. माझं मत त्यांनी विचारलं नाही.

रामानं पाकळ्या लावल्या, नारळ देवापुढे ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्यानं मांडलेलं म्हणणं. गुरवानं एकेक वाक्य टाकायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी त्याला होकार द्यायचा. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्यात माझं नाव कधी नव्हतं.

"बा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ घुमलं.

"चारी शिवेच्या राखणदारा, आज तुज्या पायरीशी दादू तांडेलाचा विनू आलाय!"

"व्हय म्हाराजा!"

"शिकलेला हाय, सरकारी खुर्चीत बसतोय, धा लोकांचे अर्ज लिवतोय!"

"व्हय म्हाराजा!"

मी जरा ताठ झालो. सदरा खाली ओढला.

"तरीपण म्हाराजा, त्याच्या हातनं चूक झाली!"

"व्हय म्हाराजा!"

आधीच्या सगळ्या होकारांपेक्षा हा मोठा होता. छपरावरची कबुतरं उडाली. मी रामाला हातानं खूण केली की बाबा रे, तो शब्द घेऊ नको. रामाचे डोळे मिटलेले.

"पोरीला इचारल्याबिगर तिचा फारम भरलान!"

"व्हय म्हाराजा!"

"वर पेढे वाटलान!"

हे त्याला कोणी सांगितलं? मी मागे बघितलं. श्रद्धा हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांबरोबर मनोभावे "व्हय म्हाराजा" म्हणत होती. माझे वडीलही म्हणत होते, तोंडात पान असूनही. आणि वेदिका... वेदिकाचे ओठ दाबलेले, खांदे हलत होते. ती हसत होती! त्या बांगड्याच्या दिवसापासून पहिल्यांदा ती हसत होती. मी हात खाली घेतला. म्हटलं, होऊ दे रामा, काय व्हायचं ते होऊ दे.

"चुकलंमाकलं लेकरू समजून त्याला पदरात घे, आणि पोरीच्या मनातला मासळीचा इषय तिला मिळवून दे! आडवा येल त्याला बाजूला सार, तो कालेजातला क्लार्क असूं दे नायतर कोण बी!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. डावी जरा हलली. काय गंमत आहे बघा. आठवड्यापूर्वी मी ज्या विषयाला हसलो होतो, तो मिळावा म्हणून मी आता देवापुढे श्वास रोखून उभा होतो. डावी हलली आणि तिथेच चिकटून राहिली. उजवी सुटली आणि टपकन खाली पडली. वेदिका मागे वळली आणि पहिल्यांदा तिनं माझा हात धरला. बोलण्यासारखं सगळं रामानं बोलून टाकलं होतं.

निघताना मी रामाला सवयीनं विचारलं, "हे कौलाचं काही लेखी मिळेल का? शिक्का वगैरे?"

"देव काय तुज्या हापिसात हाय?" रामा म्हणाला. "लिवायचं ता तूच लिव."

सोमवारी मी पहाटेच उठून अर्ज लिहायला बसलो. 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिलं, आणि 'बदलाचे कारण' यापुढे, माझ्या सर्वोत्तम अक्षरात, लिहिलं: 'विद्यार्थिनीच्या पालकाने विद्यार्थिनीला न विचारता स्वतःच्या मताने विषय भरला. चूक सर्वस्वी पालकाची आहे. विद्यार्थिनीचा विषय तिला मिळावा, ही नम्र विनंती.' खाली सही केली, सहीखाली नाव, नावाखाली हुद्दा. पुन्हा वाचून बघितला. सांगायला हरकत नाही, इतका चांगला अर्ज मी आजवर लिहिलेला नाही.

हर्षदनं वाचला, परत वाचला आणि वर बघितलं. "काका, नुसतं 'चुकून' चाललं असतं हो."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पण आता अख्ख्या गावाचा ठराव आहे."

त्यानं शिक्का मारला आणि म्हणाला, "उद्या या." मी दुसऱ्या दिवशी गेलो. काम झालेलं होतं.

पुढचं वर्ष कसं गेलं विचारू नका. मुलगी पहाटे जेट्टीवर जायची, होड्या लागल्या की मासे मोजायची, फोटो काढायची आणि घरी यायची ती वासासकट. आजोबांच्या ओळखीच्या होडीवर चढली, ओकली, परत चढली. आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी 'प्रॅक्टिकलचे, खाऊ नयेत' अशी चिठ्ठी लावलेले ढोमे मासे राहू लागले. एकदा मी चिठ्ठी वाचली नाही. तिचं प्रॅक्टिकल मला फार चविष्ट लागलं, आणि तिला ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

वर्षअखेर तिनं फोनवर एक प्रोग्राम तयार केला. माशाच्या डोळ्यापुढे आणि कल्ल्यापुढे फोन धरायचा, की मासा ताजा की शिळा ते सांगतो. पहिल्यांदा घरातच तिनं माझ्यावर धरला. 'शिळा' असं आलं. मग बाजारात चाचणी घ्यायची ठरली. मी अभिमानानं सोबत गेलो, आणि अभिमानानंच आमची नेहमीची मासेवाली कमळा, तिच्या पाटीवर फोन धरला. फोन म्हणाला, 'शिळा'.

"शिळा?" कमळा उठून उभी राहिली. "माजा बांगडा शिळा? आता लागल्या होडीचा माल हाय! तुमी शिळे, तुमचा फोन शिळा! ह्यो डोळा बघा, ह्यो कल्ला बघा!" सगळा बाजार गोळा झाला. ज्यांचे अर्ज मी लिहून दिले होते तेही त्यात होते, आणि त्यांनी मला ओळखसुद्धा दाखवली नाही.

मी वेदिकाला म्हटलं, चल, निघू. ती निघाली नाही. कमळाशेजारी पाटावर बसली. बराच वेळ वर-खाली बघून म्हणाली, "मावशी, तुमच्या ताडपत्रीचा निळा उजेड पडतोय, म्हणून फोन फसतोय. चूक माझी आहे. मी दुरुस्त करून आणते." इतकं साधं म्हणाली! 'चूक माझी आहे.' लिहायलासुद्धा सांगितलं नव्हतं कोणी. मी मासळीबाजारात उभा होतो, पायाखाली पाणी, कानाशी कमळाचा आवाज, आणि माझा ऊर भरून आला होता. तिथे मला डोळे पुसावे लागले. लोकांना वाटलं, कमळाला घाबरून.

तिनं दुरुस्त करून आणला. आता कमळा गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं की स्वतःच फोन धरते. आणि तो प्रोग्राम विद्यापीठाच्या प्रदर्शनात मुंबईला गेला आणि पहिला आला. दर्शननं आमच्याकडे पेढा खाल्ला आणि जाताना म्हणाला, "मी सांगतच होतो, फिशरीजला मरण नाही."

कौल खरा ठरला की देवाचं देणं फेडायला जावं लागतं. पुन्हा पूर्णगड, पुन्हा नारळ, पुन्हा खांबाला टेकलेले माझे वडील. या वेळी गाव मुद्दाम जमलेला. रामानं डोळे मिटले.

"बा म्हाराजा! ज्या पोरीचा फारम बापानं चुकवलान..."

हे त्यानं काढायलाच हवं होतं का? पण असो.

"व्हय म्हाराजा!"

"त्या पोरीनं मासळी ओळखणारा फोन केलान! मुंबईत पयली आली!"

"व्हय म्हाराजा!"

"आजाचं नाव राखलान, गावाचं नाव राखलान, आणि म्हाराजा, त्या बापाचं..."

"व्हय म्हाराजा!" मी ओरडलो.

एकटाच. बाकी सगळे गप्प, कारण वाक्य संपलं नव्हतं. माझा आवाज गाभाऱ्यात जाऊन परत आला. रामानं एक डोळा उघडला.

"अरे विनू, वाक्य तरी पुरं होऊं दे!"

सगळं देऊळ हसलं. माझे वडील हसले, पानाचा ठसका लागेपर्यंत. वेदिकानं माझा दंड धरला आणि म्हणाली, "बाबा, थांबा ना जरा." रामानं पुन्हा डोळे मिटले, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. पण तो जेमतेम "ज्या पोरीचा" म्हणाला, आणि माझ्याच्यानं पुन्हा राहवलं नाही.